गोदावरीच्या माहेरी

बालमित्रांनो, तुमच्या गावाला नदी आहे का? असली तर ती कुठून येते, सांगा पाहू! भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तर पाठ असेल, तर ते घटकाभर बाजूला ठेवा. मी विचारते आहे ते जरा वेगळं. नदीच्या काठाकाठाने उलट्या दिशेने निघालं, तर वाटेत काय काय दिसेल?

मी परभणी जिल्ह्यातली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. तिचा अर्थ विचारू नका; आम्ही ती मोठ्या ऐटीत म्हणतो, एवढं मात्र खरं! आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे तिच्या काठचे तालुके. आमच्याकडची माणसं तिला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. म्हणून तर गाव गंगाखेड. संत जनाबाईंचं हे जन्मगाव, बरं का!

ही आमची गंगा पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते. आणि मे महिन्यात? ढालेगाव, मुदगल, डिग्रस इथल्या बंधाऱ्यांमागे पाणी साठलेलं असतं, पण मधल्या पट्ट्यात कित्येक वर्षी नुसती वाळू. तिसरीतल्या एका मुलीने एकदा मला विचारलं, “बाई, उन्हाळ्यात गंगा माहेरी जाते का?” वर्ग खो खो हसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. म्हटलं, हे माहेर एकदा बघून यायलाच हवं.

मग मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि डी.एड.पासूनची माझी एक मैत्रीण, अशा दोघी निघालो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन जोड कपडे, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या आणि धपाट्यांची भलीमोठी चळत. जमेल तिथे पायी आणि बाकी एसटीने. 2023 सालापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमची चंगळच! “पोरींनो, एकट्याच निघाल्या का?” असं प्रत्येक स्टँडवर कोणीतरी विचारायचं. “एकट्या कुठं? दोघी आहोत की!” हे उत्तर आम्ही पाठच करून ठेवलं होतं.

पहिलं दृश्य अगदी आमच्या अंगणातलं. गंगाखेडच्या वरच्या अंगाला आम्ही पहाटे काठावर उतरलो. नदीवर धुकं होतं. काठ इथे घरभर उंच, सरळ कापल्यासारखा. त्यात मातीचे थर दिसतात. खाली गोटे आणि वाळू, वर पिवळसर गाळ आणि सगळ्यात वर आपली काळीभोर माती. एक एक थर म्हणजे नदीच्या जुन्या वहीचं एक एक पान समजा. गोदावरीच्या अशाच जुन्या गाळात हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तींची हाडं सापडली आहेत. ते हत्ती आजच्या हत्तींहून मोठे होते, आणि आता त्या जातीचे हत्ती पृथ्वीवर कुठेच नाहीत. गोट्यांमध्ये शोधलं तर पांढऱ्या, तपकिरी पट्ट्यांच्या गारगोट्याही मिळतात. मैत्रिणीने पहिल्याच दिवशी खिसा भरला आणि पुढे ते ओझं बारा दिवस वाहिलं!

वर रानात कापसाची वेचणी चालू होती. एका वेचणाऱ्या मावशींनी विचारलं, “कुठं चाललाव, बाई?” म्हटलं, “त्र्यंबकेश्वरला, गंगेच्या काठानं.” त्या म्हणाल्या, “तिथं मस्त पाणी असंल. आमचं नाव सांगा म्हणावं!”

पुढचे दोन दिवस ऊस, कापूस, पुन्हा ऊस. त्याचं फार वर्णन करत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही पैठणला पोचलो, संत एकनाथांच्या गावी. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि धरणाकडे वळलो.

मुलांनो, मी समुद्र पाहिलेला आहे. तरीही जायकवाडीचा नाथसागर पाहून माझे डोळे विस्फारले. संध्याकाळी पलीकडचा काठ दिसतच नव्हता. सूर्य पाण्यात बुडाला, पाणी आधी तांबडं आणि मग जांभळं झालं, आणि वरून बगळ्यांच्या माळा घराकडे निघाल्या. सपाट प्रदेशातलं सौंदर्य असंच असतं. ते उंच नसतं, ते लांब असतं. सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडलेलं दृश्य कोणतं, असं विचारलंत तर मी हेच सांगेन. डोंगरावर प्रेम करणारे रागावले तरी चालेल!

या धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 साली ते पूर्ण झालं. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, आणि तिला 27 दरवाजे. मागे पाणी पसरलं आहे सुमारे 55 किलोमीटर. पण हा सागर फार खोल नाही. एक प्रयोग करून पाहा. एक तांब्याभर पाणी परातीत ओता, तेवढंच पाणी तांब्यात ठेवा, आणि दोन्ही भांडी उन्हात ठेवा. कोणतं आधी आटेल? नाथसागर म्हणजे मराठवाड्याच्या कडक उन्हात ठेवलेली परात आहे. त्यातलं कितीतरी पाणी दरवर्षी वाफ होऊन उडून जातं. उरलेल्यातलं काही डाव्या कालव्यातून 208 किलोमीटरचा प्रवास करत थेट आमच्या परभणी जिल्ह्यात येतं.

नाथसागराच्या वरच्या टोकाला प्रवरासंगम आहे. तिथे प्रवरा नदी गोदावरीला मिळते. काठावर एक म्हातारे बाबा शेळ्या चारत होते. आम्ही पाण्याकडे टक लावून बघतोय हे पाहून म्हणाले, “त्या तिकडं, पाण्यात काळं ठिपकं दिसतंय का? त्याच्याही पलीकडं आमचं गाव व्हतं. मारुतीचं देऊळ, चिंचेची झाडं, शाळा, समदं.” धरण झालं तेव्हा शंभराहून अधिक गावं पाण्याखाली गेली. बाबा तेव्हा चौथीत होते. “ज्या साली पाणी लई आटतं, त्या साली देवळाचा चौथरा उघडा पडतो. मग आम्ही जाऊन नारळ फोडून येतो.” नंतर त्यांनी विचारलं, “तुम्ही कुठल्या?” परभणीच्या म्हटल्यावर हसले. “म्हंजे आमच्या गावावरचं पाणी तुमच्याकडं जातं म्हणायचं!”

ते रागाने बोलले नव्हते. पण आम्हा दोघींना काय बोलावं सुचेना. आमच्याकडे दुष्काळ पडतो, त्या साली आम्ही पाणी आटलं म्हणून रडतो. त्याच साली या बाबांना त्यांचं गाव भेटतं! त्यांना आम्ही दोन धपाटे दिले. त्यांनी आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा पाजला.

इथून आम्ही गोदावरी सोडून जरा वाट वाकडी केली. प्रवरेच्या काठाने नेवासा, संगमनेर, अकोले असं करत राजूरमार्गे पाचनई गावात गेलो आणि हरिश्चंद्रगड चढलो. ज्ञानेश्वर माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे याच प्रवरेच्या काठी, हे लक्षात आहे ना? या गडाचं पाणी मुळा नदीत जातं, मुळेचं प्रवरेत आणि प्रवरेचं आमच्या गोदावरीत. म्हणजे हेही माहेरचंच घर, चुलत्याचं म्हणा हवं तर.

आमच्या गावात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. त्यामुळे कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावलं, तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो काय सांगू! हा कडा नुसता सरळ नाही. तो आत, पोटाकडे वळलेला आहे, नागाने फणा काढावा तसा. खाली कोकण, इवलीशी शेतं, काड्यापेटीएवढी घरं. मैत्रिणीने वाळक्या गवताची मूठभर काडं खाली सोडली. ती खाली गेलीच नाहीत! खालून येणारा वारा कड्याला धडकून वर उसळतो, त्याने सगळी काडं आमच्याच डोक्यावर आणून टाकली. (हे करायचं ते झोपूनच, आणि मोठ्या माणसाने पाय धरलेले असताना. दगड तर मुळीच टाकायचे नाहीत. खाली माणसं राहतात.)

आजूबाजूच्या डोंगरांकडे नीट पाहिलं तर पायऱ्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा, मग तिसरा. अशा थरांनी आपलं दख्खनचं पठार बनलं. शास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का. तो पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हाच काळा दगड ऊन-पावसात झिजून झिजून काळी माती झाली. आमच्या परभणीच्या रानात ज्या मातीत कापूस होतो, ती याच दगडाची लेक. गडावर बसून मी बुटाला चिकटलेली घरची माती खरवडून काढली आणि तिथल्या दगडाशेजारी ठेवली. रंगाचं नातं लगेच दिसलं.

गडावरून उतरून आम्ही निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला गेलो. इथे कादवा नदी गोदावरीला मिळते. संगमाजवळ इंग्रजांच्या काळात एक बंधारा बांधला गेला. त्याच्यामागे गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना आयता वाडा मिळाला. माणसाने बांधला बंधारा शेतीसाठी, आणि झालं पक्ष्यांचं गाव! दोनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे दिसतात. ‘रामसर’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या यादीत महाराष्ट्रातली जी पाणथळ जागा सर्वांत आधी गेली, ती हीच. त्यानंतर 2020 साली लोणारच्या सरोवराचा नंबर लागला.

मनोऱ्यावरून आम्ही चक्रवाक पाहिले. नारिंगी रंगाचं हे बदक थेट लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्याला येतं. ना सॅक, ना तिकीट! जांभळ्या पाणकोंबड्या चिखलात मिरवत होत्या. एक कमळपक्षी तर पानांवरून असा चालत गेला, जणू खाली फरशीच आहे. त्याच्या पायाची बोटं खूप लांब असतात, त्यामुळे वजन विभागलं जातं आणि पान बुडत नाही.

त्या दिवशी दुपारी एका द्राक्षबागेच्या बांधावर आम्ही टेकलो. मालकीणबाईंनी पाणी दिलं आणि कुठल्या म्हणून विचारलं. परभणी ऐकताच त्यांचा चेहरा जरा बदलला. “तुमच्याकडं धरण भरत नाही, मग आमच्या धरणांचं पाणी खाली सोडतात. आमच्या बागांनी काय करायचं?”

मुलांनो, हे भांडण तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणं आहेत. वर पाणी अडलं की खाली कमी येतं. म्हणून 2005 साली एक कायदा झाला. पुढे 2014 साली असा आदेश निघाला, की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ठरलेल्या प्रमाणात पाणी नसेल, तर वरच्या धरणांनी ते सोडायचं. 2018 आणि 2023 साली असं पाणी सोडावं लागलं आणि दोन्ही वेळा मोठा वाद झाला. मी खालच्या गावातली. माझं मन खालच्यांकडेच झुकणार, आणि ज्या आदेशाने आमच्या माठात पाणी येतं तो मला योग्यच वाटतो. मावशींना मी तसं सांगितलं. कोरडी वाळू, टँकरपुढची रांग, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या कर्जाचं सांगितलं. दोघींपैकी कोणीच आपलं म्हणणं सोडलं नाही. निघताना त्यांनी आमच्या सॅकमध्ये चार पेरू कोंबले.

नाशिक शहराबद्दल इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी बरेच जण रामकुंडावर जाऊन आले असतील. आम्ही सरळ त्र्यंबकेश्वर गाठलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढू लागलो.

तेराशे मीटरच्या आसपास उंचीचा हा डोंगर. वर वाळलेलं सोनेरी गवत, सगळीकडे वारा, आणि उगमापाशी पाण्याची एक बारीकशी धार. 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळणारी, महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र पाहणारी आमची गंगा इथे तळहातात मावत होती! हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी मिळतं. हिच्या माहेरी बर्फ नाही. जून ते सप्टेंबर ढग सह्याद्रीवर रिते होतात, तेवढीच हिची वर्षाची शिदोरी. थोडी खडकांच्या भेगांत मुरते, बरीच धरणांत अडते. उन्हाळ्यात आमची वाळू उघडी का पडते, त्याचं उत्तर हे.

आणखी एक गंमत. अरबी समुद्र इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. या डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला वैतरणा उगम पावते आणि ती तिकडे पश्चिमेला जाते. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक मुंबईकडे जाणार, दुसरा गंगाखेडवरून बंगालच्या उपसागराकडे! आम्ही कड्यावर उभं राहून बराच वेळ दोन्हीकडे पाहत होतो.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत जा. पायऱ्या पहाटेच चढा, नंतर ऊन लागतं. आणि हो, ब्रह्मगिरीवर माकडं फार आहेत. आमचा शेवटचा पेरू त्यांनीच खाल्ला. सॅकची चेन ती आपल्यापेक्षा चटकन उघडतात!