कात्रीची सावली

पोलीस भरतीसाठी आम्ही आठ-दहा पोरं आरमोरीला पहाटे धावायचो. चष्मा मला एकट्यालाच. लेझरनं नंबर काढायची तारीख ठरली होती, बाबांनी धानावर उचल घेऊन पैसेही जमवले होते. त्याआधी नंबर पक्का करून घ्यावा म्हणून सरकारी दवाखान्यातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे गेलो. आम्ही त्यांना डोळेवाले सर म्हणायचो.

काळा पडदा ओढून त्यांनी रेटिनोस्कोपची उजेडाची पट्टी डोळ्यावरून फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. एरवी पट्टी फिरली की बाहुलीतला लालसर उजेड सलग सरकतो. माझ्या डोळ्यात तो मधोमध फाटून कात्रीच्या पात्यांसारखा उघडमीट करत होता.

"डोळे चोळतोस का रे बाबू?"

"हो जी. तेंदूपत्त्याच्या फळीवर धूळ लय असते."

"लेझर करू नको. आधी नागपूरला जा." चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं 'केराटोकोनस', आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह.

डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा ताठपणा कोलॅजनच्या धाग्यांवर. ते सैल पडले की आतल्या दाबानं पारपटल शंकूसारखं पुढे येतं; हाच केराटोकोनस. लेझर तर तेच आणखी तासून पातळ करतं. नागपूरला एका यंत्रानं डोळ्यावर हवेचा झोत मारला आणि सेकंदाला चार हजारांवर चित्रं टिपली. पडद्यावर माझं पारपटल लवकर वाकलं, खोल दबलं. प्रश्नचिन्ह पुसलं गेलं.

पुढे अर्धा तास रिबोफ्लेविनचे पिवळे थेंब, अर्धा तास अतिनील प्रकाश. धागे एकमेकांना घट्ट जोडले गेले आणि आजार तिथेच थांबला. गेलेला आकार परत आला नाही. आज कडक लेन्स लावून मी शाळेत शिकवतो. लेझरची तारीख रद्द केली, ते पैसे रोवणीला लागले.

नंतर एक अभ्यास वाचनात आला. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या तिशीपुढच्या 4,711 जणांचे डोळे तपासले होते; 2009 साली तो छापून आला. 48 डायॉप्टर किंवा त्याहून जास्त वक्रता हा निकष धरला तर 2.3 टक्के लोकांना केराटोकोनस. निकष सैल आहे, 50 धरला तर आकडा 0.1 वर येतो. तरीही गावोगावी अशी माणसं आहेतच. हवेच्या झोताचं यंत्र बहुतेकांपासून लांब. कुणीतरी पट्टी दुसऱ्यांदा फिरवली तरच ती माणसं तिथवर पोचणार. माझ्यासाठी सरांनी ती पट्टी फिरवली. बाहेर रांग असताना फिरवली. माझ्या नजरेसाठी मी त्यांचं देणं लागतो.

ते निवृत्त होऊन ब्रह्मपुरीला राहायला गेले, तिथे शोधत गेलो. पाया पडू दिलं नाही. हनुवटी धरून मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"खाली बघ."

खालच्या पापणीची कड शंकूनं वाकते का, हे त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"सरळ आहे," म्हणाले. "चोळत नाहीस ना आता?"

"नाही जी."