शिलोहाचं तळं आणि पूर्णेचं पाणी

जन्मांध माणसाला दृष्टी देताना प्रभू येशू जमिनीवर थुंकला, त्या मातीचा चिखल केला, तो त्याच्या डोळ्यांना लावला आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन ये म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानातला हा नववा अध्याय मी येलदरीत धरणाच्या काठी बसून अनेकदा वाचला आहे. नुसत्या शब्दानंही तो माणूस बरा झाला असता. शास्त्रात तसंही घडलेलं आहे. इथं मात्र प्रभूनं पायाखालची माती घेतली, गावाचं पाणी घेतलं, आणि आंधळ्याला तळ्यापर्यंत चालायला लावलं. म्हणूनच तापानं फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न नेता फक्त डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं मला श्रद्धा वाटत नाही. देवानं हातात दिलेली साधनं नाकारणं ही कसली श्रद्धा?

मराठी मुलखात हा अध्याय जगून दाखवला तो जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 मध्ये तिथं गेलं. नुसतं रुग्णालय काढून ते थांबले नाहीत. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण, जुलाब, लेकरांचं वजन, परसातला भाजीपाला हे सगळं त्या बायका पाहू लागल्या. 1972 च्या दुष्काळात पाणी हेच पहिलं औषध ठरलं. विंधन विहिरी घेताना जागा दलित वस्तीत निवडल्या गेल्या, म्हणजे साऱ्या गावाला पाण्यासाठी तिथंच यावं लागेल. मला यात खरी वैद्यकी दिसते. शिवाशिव हाही एक आजार आहे आणि त्यावर गोळी नाही, हे त्या दोघांना कळलं होतं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नवव्या अध्यायाचा पुढचा भाग आपण घाईनं वाचतो. दृष्टी आलेल्या माणसाला धर्माचे अधिकारी बाहेर घालवतात, आणि ते ऐकून येशू त्याला शोधत जातो. डोळे बरे झाले होते, पण माणूस एकटा पडला होता. तो शोध संपेपर्यंत मला ते बरं होणं अपुरं वाटतं.

मी ज्याच्या काठी बसतो ते येलदरीचं धरण पूर्णा नदीवरचं, 1968 सालचं. इथलं पाणी वीजघरातून खालच्या सिद्धेश्वर धरणात जातं, तिथून कालव्यांनी शेतांत. जिंतूर आणि परभणी हेच पाणी पितात. पाऊस दगा देतो त्या वर्षी धरण मृतसाठ्यावर येतं, काळ्या गाळाला भेगा पडतात आणि घागरी पुन्हा बायकांच्याच डोक्यावर येतात. मानदुखी, पाठदुखी घेऊन त्या डॉक्टरकडे जातात तेव्हा दुखण्याचं मूळ नदीत असतं. भरल्या वर्षीही ओढ्यांत फवारणीचे पंप धुतले जातात, ते पाणीही आपणच पितो.

उपासनेत आम्ही आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो. त्यात पूर्णेचं नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि उपासना सुटल्यावर काठावर पडलेल्या फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या उचलायलाही मंडळीनंच जायला हवं.