ती दुसरी कुठं गेली?

प्रेमकथा कशी वाचावी हे मला अळणावरच्या अक्कांनी शिकवलं. तिच्यात काय शोधावं हे शिकवलं त्यांच्या पडवीत हूक लावत बसणाऱ्या टेलर मावशींनी. आपण एका पोरीला काही शिकवतोय हे दोघींच्या गावीही नव्हतं.

अळणावर म्हणजे धारवाडहून लोंढ्याकडे जाताना लागणारं जंक्शन. दांडेलीचा फाटा इथूनच फुटतो. जंगलातला साग या फाट्यानं बाहेर यायचा, म्हणून गावात लाकडाच्या वखारी. घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही. अक्कांचे यजमान एका वखारीत हिशेब लिहायचे. अक्कांचं माहेर बेळगावचं. त्यांचा भाऊ येताना पिशवीभर वाचायला आणायचा : ‘स्त्री’, ‘किर्लोस्कर’, ‘मनोहर’, कोपरे दुमडलेले जुने दिवाळी अंक आणि वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं.

दुपारची जेवणं आटोपली की पडवीत चौघीपाचजणी जमायच्या. कुणी तांदूळ निवडत, कुणी चिंच फोडत. टेलर मावशींच्या मांडीवर ब्लाउजांचा ढीग आणि दातांत दोरा. अक्का मोठ्यानं वाचायच्या आणि मराठी न समजणाऱ्यांसाठी मधेमधे थांबून तेच कन्नडमधून सांगायच्या. सांगताना नायकाचं नाव त्या घेतच नसत. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची नावं होती. डॉक्टर किंवा प्राध्यापक, टेनिस खेळणारा, बापाची इस्टेट असलेला तो ‘मोटारवाला’. कविता करणारा, फाटक्या खिशाचा, देशाची काळजी वाहणारा तो ‘वहीवाला’. नायिका बहुधा आईविना वाढलेली आणि बाप पेन्शनीत, म्हणून ती ‘पेन्शनरांची’. आणि नायकावर मनातून जीव असूनही शेवटच्या पानावर बाजूला होणारी ती ‘समजूतदार’. पत्राला तर अक्का पात्रच मानायच्या. “पत्र आलं बघ. आता घोटाळा होतोय की नाही बघा,” असं म्हणून पुस्तकात बोट घालून ते मिटायच्या आणि पुढं काय होणार ते प्रत्येकीला सांगायला लावायच्या.

बहुतेक वेळा सगळ्यांचं बरोबर यायचं. पण त्यामुळे कुणाचा रस कमी झालेला मी पाहिला नाही. शेवट माहीत असल्यामुळेच बायका मोकळेपणानं भांडायच्या. पेन्शनरांच्या मुलीनं ते पत्र उघडावं की उघडू नये? मोटारवाल्याला एकदा माफ करावं का? आपल्या स्वतःच्या लग्नाबद्दल एक शब्दही बोलायची सोय नसलेल्या बायका या कागदी माणसांच्या लग्नांबद्दल तासतासभर हिरीरीनं बोलायच्या. ठरीव साच्याच्या कथांना नाक मुरडणारे समीक्षक मी पुढं पुष्कळ वाचले. त्यांच्यापैकी कुणी अशा पडवीत बसलं असेल असं मला वाटत नाही.

ही पात्रं आली कुठून, ते मी नंतर धारवाडला कॉलेजात असताना शोधलं. का. र. मित्रांनी १८९५ साली ‘मासिक मनोरंजन’ काढलं. त्यात वि. सी. गुर्जर, म्हणजे ‘एकच प्याला’ची पदं लिहिणारे गुर्जर, गैरसमज, चुकामूक आणि अवचित गाठीभेटींच्या गोष्टी लिहायचे. त्यांतल्या कितीतरी प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथांवरून आलेल्या. ना. सी. फडक्यांनी कथेच्या घडणीचं शास्त्रच मांडलं. त्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१चं. मोटारवाल्याला त्यांनी ऐटबाज केलं, तर वहीवाल्याला वि. स. खांडेकरांनी ध्येय दिलं. या दोघांचा कला की जीवन हा वाद महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं चालवला. अक्का त्याचा निकाल एका वाक्यात लावायच्या : फडक्यांची समजूतदार चिठ्ठी लिहून निघून जाते, खांडेकरांची सेवा करायला जाते.

इथंच टेलर मावशी दातातला दोरा काढून विचारायच्या, “मत्त आकी एल्लि होदळु?” मग ती कुठं गेली?

गोष्ट संपलेली असायची. नायक-नायिकेचे हात हातात आलेले असायचे. बाकीच्या बायका सुपं झटकून उठायला लागलेल्या आणि मावशी मात्र त्या समजूतदारपाशीच थांबलेल्या. सेवा करायला गेली म्हणजे कुणाच्या घरी राहिली? भाडं कोण देतं? दिवाळीला कुणाकडे जाते? लेखकानं तीन ओळींत निरोप दिलेल्या बाईसाठी मावशींना रेशनकार्डापासूनचा सगळा तपशील हवा असायचा. अक्कांकडे उत्तर नसायचं, मग त्या मनानं रचून सांगायच्या. मावशींना ते पटायचं नाही. “अक्का, हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय,” म्हणायच्या आणि पुढचा हूक लावायला घ्यायच्या.

मावशींच्या नवऱ्याचं हल्याळात दुसरं बिऱ्हाड होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पडवीतल्या प्रत्येकीला ते तेव्हाच माहीत होतं.

काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली होती. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली कथा अश्लील नसल्याचा निर्णय लागला. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ गावोगावी लागला होता. ‘श्यामा’ अक्कांनी वाचली ती आम्हा मुलांना परसात पिटाळून. मी भिंतीआडून ऐकलं. ज्यासाठी खटला झाला, तो मजकूर ऐकून कुणी काही म्हटलं नाही. शेवटी मावशींचा आवाज आला : “या खेपेला दोघी राहिल्या मागं.”

मावशींना कन्नड वाचता यायचं. अक्कांच्या गोष्टींची परतफेड म्हणून त्यांनी आम्हाला त्रिवेणींची ‘शरपंजर’ सांगितली. हीच कादंबरी पुढं पुट्टण्णा कणगाल यांनी पडद्यावर आणली. बाळंतपणानंतर मन बिघडलेली बाई बरी होऊन घरी येते, पण घर तिला पुन्हा आपलं म्हणत नाही. ती सांगताना मावशींनी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. त्यानंतर अक्कांनी कुठून तरी विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ मिळवलं. १९३३ साली टोपणनावानं आलेल्या त्या पुस्तकानं मोठी खळबळ उडवली होती. शिकलेल्या, कमावत्या आणि लग्नाविना राहिलेल्या मुली त्यात आपल्याच तोंडानं बोलतात. समजूतदार तिथं मधोमध येऊन बसली होती. त्यातली एक कथा मावशींनी अक्कांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. एरवी त्या कधी काही मागत नसत.

धारवाडला जी. ए. कुलकर्णी होते, जे.एस.एस. कॉलेजात इंग्रजी शिकवत. मी ‘काजळमाया’ अक्कांना नेऊन दिलं. आठवड्यानं त्यांनी ते परत केलं. म्हणाल्या, “यात मोटारवाला नाही, वहीवाला नाही. सगळी मागं राहिलेलीच माणसं आहेत. हे मावशींना वाचून दाखवायला मला धीर होत नाही.” जी. एं.वर याहून खरं बोललेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

पुढं मी दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम धरलं आणि तेच आजही करते. अक्का आता नाहीत. मावशी मशीन घेऊन मुलाकडे हुबळीला गेल्या, त्यानंतरचं मला ठाऊक नाही. कथांमधला मोटारवाला आता बेंगळुरूत कंपनीत असतो, वहीवाला माहितीपट काढतो आणि घोटाळा करायला पत्राऐवजी चुकीच्या माणसाला गेलेला मेसेज असतो. याला माझी काहीच तक्रार नाही. अक्कांनी याही मंडळींना दोन दिवसांत नावं पाडली असती. समजूतदार मात्र अजून शेवटच्या परिच्छेदात बदली मागून घेते, नाहीतर परदेशी निघून जाते. अशी कथा हाती आली की मी लेखकाला मावशींचा प्रश्न लिहून पाठवते, त्यांनी विचारला असता तसाच : ती राहते कुठं, भाडं कोण देतं, दिवाळीला कुणाकडे जाते?

काहीजण रागावतात, कथा परत मागतात. एका लेखिकेनं मात्र काही महिन्यांनी तीच कथा नव्यानं लिहून पाठवली. नायक-नायिकेचं लग्न आता पहिल्याच पानावर उरकलं होतं आणि उरलेली सगळी कथा त्या दुसरीच्या भाड्याच्या खोलीत घडत होती. तिला शेजारीण होती, गॅसचं कार्ड होतं, घरमालकाशी भांडण होतं आणि दिवाळीला ती कुणाकडेच जात नव्हती. तिच्याकडे माणसं येत होती. आम्ही ती अंकात पहिली घेतली.