पाणी सुटायच्या आत

कोबीची पचडी शिजवायची नसते, म्हणून तिचं जे काही बरंवाईट व्हायचं ते चिरतानाच होतं. फोडणी, लिंबू, ओलं खोबरं हे सगळं नंतरचं. चिरण्यात गडबड झाली की वरून कितीही खोबरं पेरा, ताटात डाव्या बाजूला पांढरट पाण्याचं थारोळं साचतं आणि शेजारची चटणी त्यात वाहून जाते. मी घरगुती डबे करते. रोजचा निम्मा वेळ चिरण्यात जातो, आणि त्यातलं सगळ्यात लक्ष देऊन करायचं काम मला हेच वाटतं.

‘कोबी बारीक चिर’ एवढंच सांगून कुणी शिकत नाही. बारीक कशासाठी, हे आधी कळावं लागतं. कोबीत 92 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, काकडीत 95. हे पाणी पेशीपेशीत कोंडलेलं असतं आणि कच्ची भाजी दाताखाली करकरीत लागते ती त्याच्या जोरावर. धारदार पातं पेशींची एक ओळ कापून पुढे जातं. बोथट पातं आजूबाजूच्या दहा ओळी चेंगरतं. कोबी चिरून झाल्यावर पाट ओलाचिंब दिसला, तर दोष कोबीचा नाही, धारेचा आहे. जास्त चेंगरलेला कोबी लवकर उग्रही होतो. पेशी फुटल्या की आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि मोहरीच्या जातीचा तो तिखट वास सुटतो. मॉलमध्ये पिशवीत चिरून ठेवलेला कोबी मिळतो, त्याला येतो तोच. मी तो कधी घेत नाही.

माझं काम विळीवर चालतं. हल्ली ओट्यावर बसवायची विळीही मिळते, गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी तीच वापरते. पण पाटावर बसून, पायाने विळी दाबून धरण्यात जी पक्कड होती ती तिच्यात नाही. विळीत पातं जागच्या जागी असतं आणि भाजी हलते. दोन्ही हात भाजीवर मोकळे राहतात. सुरीने चिरताना एक हात सुरीत अडकतो आणि कोबीचे पदर सुटे व्हायला लागतात. विळीवर चौथाई गड्डा दोन्ही मुठींत गच्च धरता येतो, पदर हलत नाहीत.

गड्डा आधी उभा चार भागांत चिरायचा, दांडा तिरका काढून टाकायचा. मग तुकडा आडवा धरून वरच्या टोकाकडून, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करायची. पानांच्या शिरा देठाकडून वर जातात, त्या प्रत्येक कापात आडव्या तुटल्या पाहिजेत. शिरेच्या बाजूने चिरलात तर कितीही बारीक चिरा, तोंडात दोऱ्या येतात. कोबी पात्यावर नुसता दाबायचा नाही. पुढे सरकवत किंचित खाली न्यायचा, म्हणजे धार घसरत जाते आणि जोर लावावा लागत नाही. नीट चाललं की आवाज बारीक, एकसारखा येतो. कचकच आवाज यायला लागला की समजायचं, एक तर हात दाबतोय किंवा धार गेलीय. देठाजवळ पोचलं की शिरा जाड होतात. तिथे थांबायचं आणि उरलेलं भाजीला ठेवायचं. दांडा सोलून, मीठ लावून खायचा. तो चिरणाऱ्याचा हक्क.

किती बारीक? आरपार दिसेल इतकं चिरण्याची फुशारकी मी ऐकलेली आहे, पण तेवढा कोबी खोबरं आणि फोडणी लागली की लगेच मान टाकतो. साधारण एक-दीड मिलिमीटर पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळा सारखा हवा. निम्मा जाड आणि निम्मा पातळ असेल तर मीठ एकाला खारट करतं आणि दुसऱ्याला लागतच नाही.

सगळ्या भाज्यांना विळी चालते असंही नाही. खमंग काकडीला काकडी चोचवावी लागते. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या अंगावर जवळजवळ उभे घाव घालत ती फिरवायची आणि मग वरचा थर पातळ उतरवायचा. तुकडे वेडेवाकडे पडतात आणि तेच हवे असतात, कारण त्या खडबडीत कडांना दाण्याचं कूट धरून बसतं. किसणीवर किसलेल्या काकडीचा लगदा होतो. तो थालीपीठात घालावा. गाजर मात्र किसणीवर खुशाल किसावं, ते मुळात घट्ट असतं. मुळा किसला की पाणी फार सुटतं, पण त्या पाण्याबरोबर त्याचा तिखटपणाही जातो, म्हणून मुळ्याच्या बाबतीत मी तक्रार करत नाही.

फूड प्रोसेसरची चकती मोठ्या ऑर्डरीला बरी. पण तुकडा आत कसाही पडतो, शिरा आडव्या येतील की उभ्या हे आपल्या हातात राहत नाही. स्लायसर एकसारखं काम करतो, बोटांची काळजी घेणारी मूठ लावून वापरलात तर. शेवटचा तुकडा त्यावर चिरायचा हट्ट करू नये. अख्ख्या बोटापेक्षा तो तुकडा महाग नाही.

सगळेच पाणी वाचवायला चिरतात असंही नाही. जर्मनीकडे कोबी आंबवून टिकवतात, तेव्हा तो लाकडी पाट्यात पाती बसवलेल्या लांबलचक रंध्यावर बारीक उतरवतात, वजनाच्या साधारण दोन टक्के मीठ लावतात आणि मुद्दाम चुरतात. त्याच पाण्यात तो बुडून आंबतो. अमेरिकेत कोलस्लॉ करणारे कित्येक जण कोबीला आधीच मीठ लावून तासभर ठेवतात आणि पिळून घेतात, नाहीतर मेयोनीज पातळ होतं. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. आपल्या पचडीला मात्र ते पाणी आतच हवं असतं. म्हणून चिरलेला कोबी दहा मिनिटं थंडगार पाण्यात टाकायचा. कापलेल्या कडांवरचा उग्रपणा धुऊन जातो आणि पेशी पाणी ओढून पुन्हा ताठ होतात. नंतर तो पूर्ण निथळायचा, आणि या पायरीला घाई नको. ओल्या कोबीवर फोडणी नुसती घसरते.

मोहरी, हिंग, हळदीची फोडणीही थोडी निवू द्यावी. कडकडीत ओतली की वरचा कोबी अर्धवट शिजतो. भिजवलेली मुगाची डाळ, हिरवी मिरची, कोथिंबीर, खोबरं, चिमूटभर साखर हे आधी कालवून ठेवलं तर चालतं. लिंबूही फार आधी नको. मीठ तर नकोच. डब्यात पचडी देते तेव्हा मीठ वेगळ्या छोट्या पुडीत बांधते. सुरुवातीला लोकांना तो चाळा वाटायचा, आता पुडी विसरली तर फोन येतो.

उरला प्रश्न धारेचा. सायकलवर सहाण बांधून फिरणारे धारवाले आता गल्लीत क्वचित दिसतात, दिसले तर विळी आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या घेऊन पळत जावं. मधल्या दिवसांत चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत, बिनचकचकीत कड असते तिच्यावर सुरीचं पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी घासलं तरी काम भागतं. लोखंडी विळी धुऊन लगेच पुसावी आणि पात्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं, गंज धरत नाही.

पचडी उद्या करणार असाल तर आज धार बघून घ्या. कोबी चिरा, निथळा, बाकी सगळं कालवून ठेवा. मग जेवणाऱ्यांना हाक मारा, आणि ते पाटावर किंवा खुर्चीवर टेकल्यावरच मीठ घाला.