बारा जुलैच्या नावावर

पुण्याच्या नारायण-शनिवार पेठांतल्या जुन्या घरांत आजही काही वस्तू ‘पुरात गेल्या’ असं सांगतात. आजीच्या पाटल्या, शाळेचे दाखले, कुणाची तरी जन्मपत्रिका. यातलं निम्मं घरातल्या घरातच हरवलं असावं, असा मला दाट संशय आहे. पण १२ जुलै १९६१ च्या नावावर बिल फाडलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

पाऊस त्या आठवड्यात खूप होता, हे खरं. तरी पुणं बुडालं ते घाईमुळे. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून झालं नव्हतं. तरीही त्या पावसाळ्यात पाणी अडवलं. पाणी सोडायच्या मोरीच्या दारांचं काम अर्धवट होतं. कोंडलेलं पाणी मोरीतून धडका मारत सुटलं, आतलं बांधकाम ढासळलं आणि वरचा मातीचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. खाली खडकवासल्याची १८७९ सालची दगडी भिंत होती. तिलाही भगदाड पडलं आणि दोन धरणांचं पाणी शहरात घुसलं. ते दिवसाउजेडी आलं, म्हणून हजारो माणसं पळून तरी वाचली.

वाड्यांना पळता येत नव्हतं. खाली दगडी जोतं, वर सागवानी खण आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, अशी ती बांधणी. शंभर पावसाळे सोसलेली माती काही तास पाण्यात उभी राहिली आणि भिजून बसली. ओंकारेश्वराच्या आसपासच्या गल्ल्यांत चिखल, तुळया, गाद्या, धान्य यांचा एकच काला झाला. आणि इतकं पाणी येऊन गेल्यावर पुण्याला प्यायला पाणी नव्हतं! खडकवासलाच रिकामं झालेलं, नळ कोरडे. मग लोक पुन्हा आडांकडे आणि पेशव्यांच्या कात्रजच्या नळावरच्या हौदांकडे वळले.

चौकशी न्यायमूर्ती बावडेकरांकडे सोपवली होती. ती पुरी होण्याआधीच त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे न्यायमूर्ती नाईकांनी ती तडीस नेली. मृतांच्या आकड्यावर मात्र अजून एकमत नाही.

पूरग्रस्त गोखलेनगरला, लोकमान्यनगरला, सहकारनगरला गेले. काहींच्या वाट्याला अर्धगोल पत्र्यांच्या बराकी आल्या, उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या. पानशेतने वाडा-संस्कृती संपवली, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. नाममात्र भाड्यांनी आणि भावकीच्या दाव्यांनी वाडे आधीच पोखरले होते. पुराने फक्त निकाल लवकर लावला, आणि मालक-भाडेकरू दोघांनाही रडायला एक सभ्य कारण दिलं.

पानशेत पुन्हा बांधलं गेलं. शहरातल्या नदीचं पात्र मात्र भिंतींनी, भरावांनी, रस्त्यांनी आवळत गेलं. आता खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पुणेकर मोबाइलवर क्यूसेकचे आकडे वाचत बसतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमधून पाणी वर चढलं, होड्या आणाव्या लागल्या. धरणं सगळी शाबूत होती. दोष कुणाचा, हे पाटबंधारे खातं महापालिकेला विचारत होतं आणि महापालिका पाटबंधारे खात्याला.