आधी टाकी काढ

शनिवारी संध्याकाळी ठाण्यात वागळे इस्टेटच्या रोड नंबर 22 वर आमच्या ऑफिसात केमिकल इंजिनिअरिंगची दोन-तीन मुलं वह्या घेऊन बसतात. खाली वर्कशॉप आहे. तिथलं लेथ मशीन थांबलं की आमचं सुरू होतं. परवा डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीने विचारलं, “सर, याला सूत्र कुठलं लावू?” म्हटलं, “सूत्र राहू दे. आधी टाकी काढ.”

गणित नेहमीचं. मिनिटाला 10 लिटर द्रावण येतं, रूपांतर 90 टक्के हवं. रिॲक्शन फर्स्ट ऑर्डर, वेगस्थिरांक दर मिनिटाला 0.1. रिॲक्टर म्हणजे ढवळती टाकी. ती किती लिटरची?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेच चुकलो होतो. ढवळत्या टाकीला नळीच्या रिॲक्टरचं सूत्र लावलं, लॉग घेतला आणि 230 लिटर लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी आकडेमोड पाहिलीच नाही. विचारलं, “खालच्या व्हॉल्व्हमधून काय बाहेर पडतंय?”

“90 टक्के झालेला माल.”

“आणि टाकीच्या मधोमध काय आहे?”

मी गप्प. नीट ढवळलेल्या टाकीत मधोमध जे असतं तेच बाहेर येतं. म्हणजे अख्खी टाकी जवळजवळ संपलेल्या मालाने भरलेली. कच्चा माल दहाव्या हिश्श्यावर आलेला, म्हणून रिॲक्शनचा वेगही दहावा. खरं उत्तर 900 लिटर. टाकीची ऑर्डर गेली नव्हती, म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी आधी चौकोन काढतो. एक बाण आत, एक बाहेर, आणि खाली वाण्याच्या वहीतला हिशेब: 100 आले, 10 गेले, मग 90 आतच संपले पाहिजेत. ते किती वेगाने संपतात, हा पुढचा प्रश्न. मुलं वेगापासून सुरुवात करतात आणि हिशेब विसरतात.

नळी आणि टाकी यांतला फरक ठाण्याच्या माणसाला स्टेशनवर कळतो. शेअर रिक्षाची रांग ही नळी: जो आधी आला तो आधी गेला, सगळ्यांचा मुक्काम सारखा. गर्दीच्या वेळचा फलाट ही टाकी: कुणी आल्या आल्या डब्यात घुसतो, कुणी तीन गाड्या सोडतो. आमच्या 900 लिटरच्या टाकीत सरासरी मुक्काम 90 मिनिटांचा. तरी आत आलेल्यातला दहाएक टक्के भाग पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर पडतो. त्या घाईवाल्यांची भरपाई टाकी मोठी करून करावी लागते.

हे पटवायला मी ग्राफ पेपर काढतो. आडवं रूपांतर; उभा अक्ष 1 भागिले (वेगस्थिरांक गुणिले उरलेला हिस्सा). रेघ 10 मिनिटांपासून निघते आणि 90 टक्क्यांपाशी 100 मिनिटांवर चढते. नळीसाठी रेघेखालचं क्षेत्रफळ धरायचं, ते 23. टाकीसाठी पूर्ण आयत, 0.9 गुणिले 100, म्हणजे 90. दोन्हींना 10 लिटरने गुणलं की 230 आणि 900. मग त्या मुलीला म्हटलं, आयताचा वरचा डावा कोपरा वाचवून दाखव. तिने पेन्सिलीने एक पायरी काढली, म्हणजे एकाऐवजी एकामागोमाग दोन टाक्या. पहिली टाकी 68.4 टक्क्यांपर्यंत, दुसरी तिथून पुढे 90 पर्यंत. प्रत्येकी 216 लिटर, दोन्ही मिळून 432. सूत्र न आठवता तिने अर्ध्याहून जास्त टाकी वाचवली होती.

ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्या ‘केमिकल रिॲक्शन इंजिनिअरिंग’ने असे आलेख विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडले. त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1962 सालची. एमआयडीसीचा कारभारही त्याच वर्षी या वागळे इस्टेटमधून सुरू झाला. आता इथे आयटी पार्कच्या काचा जास्त दिसतात, पण डोंबिवली-अंबरनाथच्या प्लांटची गणितं आमच्यासारख्या ऑफिसांतून अजून सुटतात.

मुलांच्या दोन चुका ठरलेल्या. पहिली एककांची: वेगस्थिरांक सेकंदाचा, प्रवाह मिनिटाचा, आणि टाकी 60 पट लहान किंवा मोठी. म्हणून गणिताआधी अंदाज लिहायला लावतो. दुसरी चूक प्रश्नपत्रिकाच शिकवते: ‘तापमान स्थिर आहे असे गृहीत धरा.’ एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ते खपतं. त्याच आकाराचं भांडं 1000 लिटरचं केलं की आकारमान हजारपट होतं, पृष्ठभाग शंभरपटच. प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड करणारी भिंत दहाव्या हिश्श्याने उरते. त्यात तापमान दहा अंश चढलं तर अनेक रिॲक्शन जवळपास दुप्पट वेगाने पळतात, आणि त्याच वेगाने उष्णता सोडतात. टाकीभोवतीचं थंड करणारं जॅकेट मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच उष्णता ओढतं. या शर्यतीत जॅकेट मागे पडलं की रिॲक्टर हाताबाहेर जातो.

रासायनिक प्लांटमध्ये काही हाताबाहेर गेलं तर काय होतं, हे डोंबिवलीच्या मुलांना सांगावं लागत नाही. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या तारखा त्यांना पाठ आहेत. त्या दिवशी डोंबिवलीच्या एमआयडीसीत झालेल्या स्फोटांनी लांबच्या इमारतींच्याही काचा फोडल्या.

परवा त्या मुलीने 432 लिटरला चौकट केली आणि वही मिटायला घेतली. मी पुन्हा उघडायला लावली. चौकटीखाली तिने लिहिलं, ‘ढवळणं पूर्ण धरलं आहे, तापमान स्थिर धरलं आहे.’ टाकी बांधणाऱ्याला चौकटीतला आकडा पुरतो, पण ती चालवणाऱ्याला ही ओळ लागते. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या पेपरात या ओळीला दोन गुण ठेवा.