पाचशे नंबरचा माणूस

सातारा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. मनूस,


तुझा निरोप काल रात्री ऐकला, सकाळी पुन्हा ऐकला, आणि चहा गार होईपर्यंत नुसती बसून राहिले. फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढला असता आणि तू ‘हो आत्या, बरं आत्या’ करून ठेवून दिला असतास. पत्र पोचायला चार दिवस लागतील, तेवढ्यात माझाही पारा उतरेल. (तोवर त्या डिस्कला हात लावू नकोस, एवढा मेसेज मात्र आत्ताच टाकला आहे. वाचलास ना?)

तू विचारलंस एवढंच, की एसएसएचची किल्ली परवापर्यंत चालत होती ती आज का चालत नाही. त्याचं उत्तर छोटं आहे. ती किल्लीची फाइल तू सगळ्यांना वाचायला उघडी केलीस, आणि एसएसएच शहाणं आहे, चव्हाट्यावर पडलेल्या किल्लीला ते किल्ली मानतच नाही. ती फाइल ६०० वर आण, ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो ७०० वर. झालं. नेमक्या कमांड वेगळ्या चिठ्ठीवर रोमनमध्ये लिहून पाकिटात घातल्या आहेत. जशाच्या तशा टाइप करायच्या, मधली रिकामी जागासुद्धा इकडची तिकडे करायची नाही.

पण माझं लक्ष किल्लीकडे नव्हतंच. निरोपात तू हसत हसत म्हणालीस, “बाबांच्या डिस्कला सारखं परमिशन डिनाइड येत होतं, मग सरळ सगळ्यालाच सातशे सत्याहत्तर मारलं, दोन मिनिटांत काम फत्ते.” आणि हात फिरताच होता म्हणून स्वतःच्या होम फोल्डरवरही. मारलं! भिंतीला चुना मारतात, दाराला कुलूप मारतात. तू कुलपं काढत सुटलीस आणि म्हणतेस मारलं.

अग, यंत्र तुला अडवत नव्हतं. ‘तू कोण?’ असं विचारत होतं. दादाची डिस्क २००८ सालची, फेडोराची. त्या काळी फेडोरा घरात येणाऱ्या पहिल्या माणसाला ५०० नंबर द्यायचा. तुझं उबुंटू पहिल्या माणसाला १००० देतं (फेडोरानेही २०११ पासून तेच धरलं). डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतंच, लिहिलेला असतो हा नंबर. कुठल्या नंबरला कुठलं नाव, ते ज्या त्या यंत्रातल्या ‘पासवर्ड’ नावाच्या यादीत असतं. यादीचं नाव पासवर्ड, पण पासवर्ड त्यात केव्हाचे राहिलेले नाहीत, ते दुसऱ्या बंद फायलीत हलवले. पेठांची नावं राहतात आणि बाजार उठून जातो, तसं. तेव्हा दादाची डिस्क जोडून तू फायलींची यादी काढली असशील, तर मालकाच्या रकान्यात नावाऐवजी नुसता आकडा दिसला असेल. ५००, ५००, ५००, खालपर्यंत. तुझ्या यंत्रात या नंबरचं कुणी राहत नाही ना, म्हणून.

हे लिहून मी जरा उठून गॅलरीत जाऊन आले.

तर तू १००० नंबरची, मागत होतीस ५०० नंबरच्या माणसाचा ऐवज. यंत्र नाही म्हणालं. दादा असता तर म्हणाला असता, बरोबर आहे त्याचं. तेव्हा करायचा होता तो फेरफार. तू कोरेगावच्या तुकड्याचा सातबारा पाहिला आहेस. त्यावर नाव एकाचं असतं आणि जमीन कसतो दुसराच, हेही पाहिलं आहेस, चांगलंच. कुणाच्या नावावर आहे, हा एक प्रश्न. कुणाला आत पाऊल टाकता येतं, कुणाला नांगर घालता येतो, हा दुसरा. पहिला बदलते ती चाउन, दुसरा बदलते ती चमॉड. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही या दोन कमांड वेगवेगळ्याच आहेत. त्या वेळी मात्र मालक आणि बाकीचे एवढेच दोन प्रकार होते, गट मागाहून आला. आपल्या घराण्यात अजून आलेला नाही.

वडिलांचा ऐवज मुलीच्या नावावर करायचा, तर नावच बदलायचं. चाउनला सांगता येतं की जे जे ५०० च्या नावावर असेल तेवढंच मनूच्या नावावर कर, बाकी कशाला शिवू नकोस. एका ओळीचं काम. तू काय केलंस? सातबारा तसाच ठेवून शेताचं कुंपण काढून टाकलंस. नाव अजून पाचशेचंच आहे, बघ हवं तर.

४, २, १ ची बेरीज तुला दादानेच शिकवली होती, जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे मांडून. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक. फोल्डरच्या बाबतीत चालवणं म्हणजे उंबरा ओलांडणं. आणि फाइल पुसायचा हक्क त्या फायलीवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर असतो, कारण पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून नाव खोडणं, हेही त्याने सांगितलं होतं. तू तेव्हा शेंगदाणे खात होतीस. तुझी ती खोलीतली मैत्रीण तुझ्याच यंत्रावर वेगळ्या नावाने काम करते म्हणालीस ना? तिच्यावर माझा अविश्वास नाही. पण उबुंटूने २०२१ साली नव्या होम फोल्डरची दारं ७५५ वरून ७५० वर आणली ती उगाच नव्हे, आणि तू ती एका ओळीत सताड उघडलीस. तिने काही न वाचताच चुकून एखादा फोल्डर कचऱ्यात ओढला, तरी तो जाईल.

दुरुस्ती करताना एक जप. कुणीतरी तुला मोठ्या एक्सचा नुस्खा सांगेल, फोल्डरला तेवढा चालवायचा हक्क देणारा. तो इथे लागू पडायचा नाही. आधीपासून कुणालाही चालवायचा हक्क असेल अशा फायलींनाही तो हक्क देतो, आणि तू तर दादाच्या दहा वर्षांच्या फोटोंना प्रोग्रामसारखं चालवायचा हक्क वाटून बसली आहेस. तेव्हा फाइंडने फोल्डर वेगळे काढून त्यांना ७००, फायली वेगळ्या काढून त्यांना ६००. चिठ्ठीवर आहे. तुझ्या स्वतःच्या स्क्रिप्ट असतील त्यांना एक्स हाताने परत द्यावा लागेल, तेवढी शिक्षा भोग.

आणि नशीब समज, तुझ्या त्या ७७७ च्या कमांडमध्ये तिरप्या रेघेनंतर चुकून एक रिकामी जागा पडली नाही. मुळापासून सगळं ७७७ झालं असतं तर सुडोच मेलं असतं. सुडो लावणं म्हणजे शून्य नंबरच्या माणसाची टोपी घालणं, ज्याला कुठलंच दार आडवं येत नाही. पण ती टोपी देण्याचा अधिकार सुडोच्या अंगावर असलेल्या एका जादा खुणेत असतो, आणि ७७७ ती खूण पुसून टाकतं. परत लावायची तर हवं सुडो. किल्ली आत आणि दार ओढलेलं. (ती खूण ही डेनिस रिचीची कल्पना. तिचं पेटंट १९७९ साली मिळालं आणि पुढे लोकांसाठी सोडून दिलं. असे लोक होते.)

मी सोवळी नाही, हे तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच. १९९३ साली कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये युनिक्सचं एक यंत्र आणि सोळा टर्मिनलं माझ्या हाती होती. एका मुलाच्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींचा मालक चुकीचा झाला होता. मी त्याच्या फोल्डरमध्ये उभी राहून रुबाबात ‘टिंब-तारा’ लिहिलं आणि चाउनला सांगितलं, आतपर्यंत सगळं बदल. ‘टिंब-तारा’त ‘टिंब-टिंब’ही बसतं, आणि टिंब-टिंब म्हणजे वरचा मजला! चाउन वर चढली आणि शेजारच्या खोल्यांत उतरली. पाच मिनिटांत सगळ्या कॉलेजच्या फायली त्या एका पोराच्या नावावर. सबमिशनचा आठवडा. मी रात्रभर यादी समोर ठेवून एकेक फोल्डर ज्याचा त्याला परत केला. दादा डबा घेऊन आला होता, शेजारी बसून नावं वाचून दाखवत होता. पहाटे म्हणाला, “मालक परत लावता येतो ग, फोल्डरवर नाव असतं म्हणून. तू परवानग्यांना हात लावला असतास तर काय वाचून दाखवलं असतं मी?”

आता कळलं मी चहा का गार केला?

मालक ५०० होता हे आपल्याला माहीत आहे. पण कुठली फाइल दादाने सगळ्यांना उघडी ठेवली होती, कुठली फक्त स्वतःपुरती, आणि कुठल्या फायलीवर लिहायचा हक्कही काढून घेतला होता, की चुकून आपल्याच हातून बदलू नये, हे त्याने एकेक करून बसून ठरवलं होतं. तो तसा होता. पत्रपेटीचे खणसुद्धा त्याने लेबलं लावून ठेवले होते. परवानग्यांची ती नऊ-नऊ अक्षरांची रांग म्हणजे त्याच्या हाताची खूण होती मनू. जुन्या परवानग्या यंत्र कुठेही लिहून ठेवत नाही. नवी लिहिली की जुनी गेली. तुझ्या ७७७ ने सगळ्या फायली सारख्या केल्या. फाइल बदलल्याची तारीख तेवढी चमॉड पुसत नाही, म्हणजे फोटो कुठल्या दिवशीचे ते शाबूत आहे. पण टर्मिनलवर साधी कॉपी केलीस तर तेही जाईल. आणि पेनड्राइव्हवर टाकून ‘सेफ’ केलंस म्हणतेस, ते तर सोडूनच दे. फॅटच्या वहीत मालकाचा रकानाच नसतो. तिथे जे जातं ते बेवारस होऊन जातं.

मला वाटतं, आपल्या घराची खोडच ही आहे. कुणाचं, हे कधी विचारायचंच नाही. ‘आपलंच आहे’ म्हणायचं आणि आत शिरायचं. आईच्या फडताळाचं तसंच झालं, वाड्यातल्या माडीचं तसंच झालं. कोरेगावचे आंबे ‘आपलेच’ म्हणून कुणी कुणाला विकले ते तुला ठाऊक आहे, मी नाव काढत नाही. सगळ्यांना सगळं उघडं म्हणजे मोठं मन, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्या वाड्याच्या वाटणीला येऊन बसावं. दादा एकटाच वेगळा होता. तो विचारायचा, ‘हे कुणाचं?’ आणि तुम्ही सगळे त्याला कोरडा म्हणायचात. तूसुद्धा. त्या गणपतीत तू म्हणाली होतीस, मी ऐकलं होतं.

राहू दे.

वारस नोंदीचं काय केलंस? चौदा महिने झाले. त्या तुकड्याच्या सातबारावर अजून दादाचंच नाव आहे. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार पडतो, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला की झालं. गेल्या वर्षी मी कागद तयार करून दिले होते, ते कुठे आहेत? बंगळूरला? तू रात्री दोनला निरोप पाठवतेस, म्हणजे जागतेस. जेवतेस का नीट? दोनला माणसाने सुडो लिहू नये.

एक गोष्ट विचारायची होती, तिथपर्यंत यायलाच इतकी पानं लागली. दादाच्या डिस्कवर ‘जुनं’ नावाचा एक फोल्डर असेल. तो ७०० होता, हे मला माहीत आहे, कारण एकदा मी उघडायला गेले होते आणि मलाही यंत्राने नाही म्हटलं होतं. तू उघडला असशील तर असू दे, रागावत नाही. त्यात जे आहे ते तुझ्या आईसमोर काढू नकोस, आणि मनाला फार लावून घेऊ नकोस. नसशील उघडला तर आधी माझ्याशी बोल.

२००९ च्या दिवाळीत दादाने आपल्या सगळ्या फोल्डरची टार करून एक डीव्हीडी माझ्याकडे दिली होती, ‘तुझ्या ट्रंकेत असू दे’ म्हणून. टारमध्ये प्रत्येक फायलीशेजारी मालकाचा नंबर आणि परवानग्या लिहिलेल्या राहतात. काही उघडावं लागत नाही, नुसती यादी काढता येते. निदान त्या दिवाळीपर्यंतचं तरी त्याने काय बंद ठेवलं होतं ते कळेल. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खणच नाही. खालच्या मजल्यावरच्या जोशीबाईंकडे जुना पीसी आहे, रविवारी त्यांच्याकडे जाते. इतक्या वर्षांनी डीव्हीडी वाचली जाईल की नाही, देव जाणे. कापडात गुंडाळून ठेवली होती, पण ट्रंक पोटमाळ्यावर आहे आणि मागच्या पावसात तिथे गळलं होतं.

वाचली तर तुला यादी पाठवते. नुसती यादी.

तुझी,
आत्या

ता. क. चिठ्ठीतली तिसरी कमांड होम फोल्डरसाठी आहे, दादाच्या डिस्कसाठी नव्हे. डिस्क तशीच बंद करून कपाटात ठेव आणि वर त्याचं नाव लिही.